शोधनिबंधांचा ताळा

गुणाकार केला की उत्तराचा ताळा पाहावा, ही आपल्या जुन्या पंतोजींची शिस्त. ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असेल असे नाही. पण जुळला नाही, तर कोठे तरी खास चुकले आहे. विज्ञानाच्या निबंधांना असा यांत्रिक ताळा लावण्याची कल्पना मात्र अगदी अलीकडची.

१६६५ साली रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनहून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा मजकुराची निवड बव्हंशी त्यांच्याच हाती होती. जाणत्या परीक्षकांकडून निबंध तपासून घेण्याची प्रथा पुढे सावकाश रुजली. ‘नेचर’ने तर ती १९७३ साली सक्तीची केली. परंतु परीक्षक विचारांचे गुणदोष पाहतो. प्रत्येक आकडा पुन्हा मांडून पाहण्याइतकी सवड त्याला क्वचितच असते.

२०११ साली हॉलंडमधील टिलबर्ग विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक डिडरिक स्टापेल यांनी प्रयोगांची माहिती चक्क मनाने रचल्याचे उघडकीस आले. परीक्षकांच्या नजरेखालून गेलेले त्यांचे ५०हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. याच विद्यापीठातील मिशेल नाउटेन यांनी साशा एप्स्कॅम्प यांच्यासह ‘स्टॅटचेक’ ही संगणकाची आज्ञावली तयार केली. तिची युक्ती साधी आहे. मानसशास्त्राच्या निबंधात कसोटीचे मूल्य, निरीक्षणांच्या संख्येशी निगडित असा एक अंक आणि ‘पी’ नावाची संभाव्यता, असे तीन आकडे ठराविक पद्धतीने लिहितात. पहिल्या दोहोंवरून तिसरा काढता येतो. संगणक तो काढतो आणि छापलेल्या आकड्याशी ताडून पाहतो, इतकेच.

आठ नियतकालिकांतील १९८५ ते २०१३ या काळातले अडीच लाखांहून अधिक आकडे असे तपासले गेले. २०१६ साली निष्कर्ष छापून आले, ते असे: ज्यांत असे आकडे होते त्यांपैकी निम्म्या निबंधांत निदान एक विसंगती होती, दर आठांतील एकात ती इतकी मोठी, की निष्कर्षच फिरावा. शिवाय मोठ्या चुकांचा कल बहुधा संशोधकाला हव्या असलेल्या उत्तराकडेच! यात लबाडी किती आणि हातघाई किती, हे आकडे सांगत नाहीत.

त्याच वर्षी टिलबर्गचेच क्रिस हार्टगेरिंक यांनी सुमारे ५०,००० निबंधांचे ताळे ‘पबपीअर’ या संकेतस्थळावर जाहीर केले. एकही चूक न निघालेल्या निबंधांखालीसुद्धा शेरे उमटले. जर्मन मानसशास्त्र परिषदेने यास हरकत घेतली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. एखाद्याने विशेष कारणासाठी आकड्यात रीतसर दुरुस्ती केलेली असली, तर यंत्र तिलाही चूक समजू शकते. आणि नाव एकदा चव्हाट्यावर आले, की मागाहून दिलेला खुलासा कोण वाचतो? उलटपक्षी, ज्याने सगळीच माहिती बनावट रचली पण हिशेब चोख ठेवला, तो या चाळणीतून बिनबोभाट निसटतो. स्टापेलसारख्यांना धरण्याचे हे साधन नव्हेच.

‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकाने २०१६ मध्येच दुसरी वाट धरली. परीक्षकांच्या कसोटीस उतरलेला निबंध छापण्यापूर्वी तेथे स्टॅटचेकमधून काढू लागले आणि विसंगती आढळल्यास तिचा खुलासा आधी खुद्द लेखकाकडेच मागू लागले.