राजीनाम्यानंतरचा वर्ग

दिनांक १० फेब्रुवारी १९६६ रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे जॉर्ज केनन यांची साक्ष झाली. सोव्हिएत रशियाला आवर घालण्याचे अमेरिकी धोरण ज्यांच्या विचारांतून आकारास आले, ते हे मुत्सद्दी. व्हिएतनामच्या युद्धात आपल्या देशाने इतके गुंतून पडणे शहाणपणाचे आहे काय, असा प्रश्न ते उघडपणे विचारीत होते. एनबीसी या दूरचित्रवाणी नेटवर्कने ही साक्ष थेट दाखविली. तिच्या तोडीचे दुसरे नेटवर्क, म्हणजे सीबीएस, त्याच वेळी ‘आय लव्ह लूसी’ या विनोदी मालिकेचा एक जुना भाग पाचव्यांदा दाखवीत होते. पाच दिवसांनी, १५ फेब्रुवारीस, सीबीएसच्या वृत्तविभागाचे अध्यक्ष फ्रेड फ्रेंडली यांनी राजीनामा दिला.

राजीनाम्याची ही हकिगत अमेरिकी पत्रकारितेच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. त्यानंतर फ्रेंडली कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे अध्यापक झाले, एवढे एक वाक्य जोडून बहुधा ती संपविली जाते. त्या एका वाक्यात जे दडले आहे ते राजीनाम्याहून मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्रेंडली यांचा जन्म १९१५ सालचा, न्यूयॉर्कमधला. शिक्षण दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतच झालेले. प्रॉव्हिडन्स गावच्या रेडिओवर थोर पुरुषांची छोटी छोटी चरित्रे सांगण्यापासून त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या आघाडीवरील अमेरिकी सैन्यात ते होते आणि त्या सैनिकांसाठी दिल्लीहून निघणाऱ्या ‘सीबीआय राउंडअप’ या साप्ताहिकासाठी लिहीत असत. म्हणजे पुढे ज्यांच्या नावाचा एवढा दबदबा झाला, त्या या गृहस्थांच्या उमेदवारीचा काही काळ आपल्या देशाशी निगडित आहे.

युद्धानंतर त्यांची गाठ एडवर्ड मर्रो यांच्याशी पडली. मर्रो हे लंडनवरील बाँबवर्षावाचे वृत्तनिवेदन करून कीर्तीच्या शिखरावर गेलेले. १९४८ मध्ये या दोघांनी १९३३ ते १९४५ या काळातील गाजलेल्या आवाजांची ध्वनिमुद्रिका काढली, ती अमाप खपली. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी ‘सी इट नाऊ’ हा त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच भागात अटलांटिक व पॅसिफिक हे दोन्ही महासागर प्रेक्षकांना एकाच वेळी पाहावयास मिळाले. ९ मार्च १९५४ चा भाग तर इतिहासातच जमा झाला. कोणालाही कम्युनिस्ट ठरवून आयुष्यातून उठविणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांना त्या भागात मुख्यतः त्यांच्याच भाषणांच्या चित्रफितींतून लोकांपुढे उभे केले होते. या कार्यक्रमाची जाहिरात करण्यास सीबीएसने नकार दिला, तेव्हा मर्रो आणि फ्रेंडली यांनी पदरचे पंधराशे डॉलर घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तीवर सीबीएसचे बोधचिन्ह नव्हते. १९६० च्या नोव्हेंबरात, ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी शेतावर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची दैना दाखविणारा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट सादर केला. देशातले लोक ताटावरून उठून जेमतेम एक दिवस झाला होता.

१९६४ मध्ये फ्रेंडली वृत्तविभागाचे अध्यक्ष झाले. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉर्ली सेफर यांनी व्हिएतनाममधून पाठविलेल्या चित्रफितीत अमेरिकी सैनिक काम ने या खेड्यातील झोपड्यांना सिगारेट लायटरने आग लावताना दिसत होते. ती दाखविण्याचा निर्णय फ्रेंडली यांचा. अध्यक्ष जॉन्सन यांनी सीबीएसच्या प्रमुखांना दूरध्वनी करून आगपाखड केली. तरी फ्रेंडली यांचे आसन डळमळले नाही.

मग सहा महिन्यांनी एका साक्षीवरून त्यांनी पद का सोडावे? येथे आमच्यासारख्या सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या माणसाची नजर एका तपशिलावर खिळते. तोवर फ्रेंडली यांना विल्यम पेली व फ्रँक स्टँटन या दोघा सर्वोच्च प्रमुखांशी सरळ बोलता येत असे. राजीनाम्यापूर्वी नुकतीच नवी रचना झाली होती आणि जॉन श्नायडर नावाचे अधिकारी मधल्या पायरीवर बसविले गेले होते. साक्ष न दाखविण्याचा निर्णय श्नायडर यांचा होता. सकाळच्या वेळी दूरचित्रवाणीसमोर गृहिणी असतात, त्यांना व्हिएतनामच्या चर्चेत रस नाही, असा त्यांचा हिशेब. हे गृहस्थ विक्री आणि व्यवस्थापनातून वर आलेले. बातमीशी त्यांचा संबंध नव्हता. फायलीच्या वाटेत एक टेबल वाढले की काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्यास फ्रेंडली यांचा संताप निव्वळ तत्त्वाचा होता की मानाचाही होता, हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. त्या काळच्या टीकाकारांनीही तो विचारला होता. आम्हांस वाटते, दोन्ही होते. आणि त्यामुळे त्या कृतीचे मोल उणे होत नाही. बातमी कोणती आणि ती दाखवावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार बातमी न जाणणाऱ्याच्या हाती गेला, हीच तर तक्रार होती.

१९६६ मध्येच ते कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयात रुजू झाले. जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ मध्ये सुरू झालेली ही संस्था. फ्रेंडली यांना जे प्राध्यापकपद मिळाले त्यास एडवर्ड मर्रो यांचे नाव होते. मर्रो आदल्याच वर्षी, एप्रिल १९६५ मध्ये, निवर्तले होते. पदवी नसलेला माणूस पदव्युत्तर वर्गास शिकवू लागला. त्याचबरोबर फोर्ड प्रतिष्ठानाचे दूरचित्रवाणीविषयक सल्लागार म्हणूनही त्यांनी काम पत्करले. तेथील प्रमुख होते मॅकजॉर्ज बंडी, म्हणजे काही महिन्यांपूर्वीपर्यंत व्हाइट हाउसमध्ये बसून व्हिएतनाम युद्धाची आखणी करणाऱ्यांपैकी एक! युद्धाची साक्ष दाखविली नाही म्हणून नोकरी सोडावी आणि युद्धाच्या आखणीकाराबरोबर बसून लोकोपयोगी दूरचित्रवाणीचे आराखडे करावेत, असे योग आयुष्यात येतात खरे. उपग्रहाच्या कमाईतून बिगर-व्यापारी दूरचित्रवाणी चालवावी, ही या दोघांची १९६६ ची योजना प्रत्यक्षात उतरली नाही. ‘पब्लिक ब्रॉडकास्ट लॅबोरेटरी’ हा त्यांचा रविवारचा प्रयोगही १९६७ ते १९६९ एवढाच टिकला. अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचा कायदा १९६७ मध्ये झाला, त्यामागच्या खटपटीत मात्र त्यांचा वाटा होता.

आता वर्गाकडे वळू. पत्रकारिता वर्गात शिकविता येते काय, ही शंका जुनी आहे आणि आपल्याकडेही ती ऐकू येते. मराठीत तर वाहतूक उलट दिशेने झाली. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करीत राहिले. आगरकर ‘सुधारक’ चालवीत असतानाही फर्ग्युसनमध्ये शिकवीत होते आणि टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली ती पत्रांकडे पूर्ण लक्ष देण्याच्या वाटेवरच. आमच्या इंदुरात तर अशी धारणा होती की वर्तमानपत्राची कचेरी हीच शाळा. राहुल बारपुते या मराठी माणसाने हिंदी ‘नई दुनिया’चे संपादन करताना जी माणसे घडविली, त्यांत राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांची नावे कोणासही आठवतील. मग विद्यापीठाचा वर्ग कशास हवा?

या प्रश्नाला फ्रेंडली यांच्याकडून जे उत्तर मिळाले ते आम्हांस इतरत्र आढळले नाही. कचेरी ही शाळा आहे हे खरे, परंतु ती उंबरठा ओलांडून आत आलेल्यांचीच शाळा. ज्यांना दारातच अडविले जाते त्यांनी कोठे शिकावे?

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डेट्रॉइट, न्यूअर्क आदी शहरांत कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये मोठे दंगे उसळले. त्यांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने आपला अहवाल १९६८ च्या फेब्रुवारीअखेर दिला आणि त्यात एक संपूर्ण प्रकरण वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्यावर खर्ची घातले. बातम्यांच्या व्यवसायात संपादकीय कामावर असलेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी, आणि संपादक वा पर्यवेक्षक या जागांवर एक टक्क्याहूनही कमी. त्यांतलेही बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या संस्थांत. सबंध देशाची बातमी गोऱ्यांच्या नजरेने दिली जाते, असा आयोगाचा ठपका होता. वृत्तविभागाचे प्रमुख म्हणत, पात्र माणसेच मिळत नाहीत, तर नेमावी कोणास?

त्याच वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत फ्रेंडली यांनी फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशांवर कोलंबियात अल्पसंख्य समाजांतील तरुण-तरुणींसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला. ‘माणसे मिळत नाहीत’ ही सबब त्यांना खरी वाटत नव्हती. ती खोटी ठरविण्याचा त्यांचा मार्ग म्हणजे माणसे तयार करून समोर उभी करणे. नेटवर्कचा अध्यक्ष असतो तर दहा-वीस जणांना नेमू शकलो असतो, अशी हळहळ त्यांना वाटली असेल काय? असेलही. पण ज्यांच्या नेमणुका आपल्या हाती नाहीत अशा शेकडो कचेऱ्यांत माणसे पोहोचविण्याचे सामर्थ्य अध्यक्षाच्या खुर्चीत नव्हते, ते या वर्गात होते.

या वर्गातून बाहेर पडलेल्यांत मिशेल क्लार्क या एक होत्या. १९७० मध्ये अभ्यासक्रम पुरा करून त्या सीबीएसच्या वार्ताहर झाल्या. ज्या नेटवर्कमधून गुरूने राजीनामा दिला तेथेच शिष्या रुजू झाली, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. ८ डिसेंबर १९७२ रोजी शिकागोजवळच्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे या अभ्यासक्रमास त्यांचे नाव देण्यात आले.

विधिविषयक आणि नीतिविषयक वाद हा फ्रेंडली यांच्या अध्यापनाचा दुसरा विषय. त्यांचे ‘मिनेसोटा रॅग’ हे १९८१ चे पुस्तक जे. एम. निअर नावाच्या एका भडक, ज्यूद्वेष्ट्या पत्रकर्त्याच्या खटल्यावर आहे. त्याच्या ‘सॅटर्डे प्रेस’वर मिनेसोटा राज्याने बंदी घातली, आणि १ जून १९३१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी घटनाबाह्य ठरविली. मुद्रणस्वातंत्र्याचा एवढा मोठा आधारस्तंभ अशा किळसवाण्या पत्राच्या निमित्ताने उभा राहिला, हे लेखकाने लपविलेले नाही. फ्रेंडली हे स्वतः ज्यू होते हे ध्यानात घेतले म्हणजे या पुस्तकातील संयमाची किंमत कळते.

१९७४ पासून त्यांनी परिसंवादांची एक निराळीच पद्धत रूढ केली. न्यायाधीश, सेनाधिकारी, पत्रकार, राजकारणी यांना एकत्र बसवावयाचे, एक काल्पनिक प्रसंग मांडावयाचा आणि विधिमहाविद्यालयातील एखाद्या कसलेल्या प्राध्यापकाने प्रश्नांवर प्रश्न विचारून प्रत्येकास कोंडीत पकडावयाचे. व्याख्यान नाही, निष्कर्ष नाही. ऐकणाऱ्याचे मत बनवून देणे हा हेतू नव्हता. निर्णयाचा जाच इतका वाढवावयाचा की विचार केल्याशिवाय सुटकाच नसावी. याच पद्धतीतून १९८४ मध्ये अमेरिकी राज्यघटनेवरील तेरा भागांची मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवर आली.

१९८७ मध्ये ध्वनिचित्रमुद्रित झालेला आणि १९८९ मध्ये दाखविलेला एक भाग तर अजूनही पत्रकारितेच्या वर्गांत चर्चिला जातो. प्रश्न असा होता: तुम्ही शत्रुसैन्याबरोबर बातमीसाठी गेला आहात आणि ते तुमच्याच देशाच्या तुकडीवर छापा घालणार आहेत, तुम्ही सावध कराल, की चित्रण कराल? पीटर जेनिंग्ज म्हणाले, सावध करीन. माइक वॉलेस यांनी वार्ताहराचे काम बातमी देणे होय, असे बजावताच जेनिंग्ज यांनी आपले मत फिरविले. समोर बसलेले मरीन दलाचे कर्नल जॉर्ज कॉनेल यांनी अशा पत्रकारांविषयी तिरस्कार व्यक्त केला. पण हेच दोघे उद्या जखमी होऊन पडले तर त्यांना आणावयास मी सैनिक पाठवीन आणि ते मरतील, असेही सांगितले. नामवंतांची अशी दमछाक आम्ही क्वचितच पाहिली आहे. मॅकार्थींवरील कार्यक्रमात जी निश्चिती होती ती येथे नाही, आणि आमच्या मते अध्यापनाने फ्रेंडली यांच्यात घडविलेला बदल तो हाच.

कोलंबियातून ते १९७९ मध्ये निवृत्त झाले. परिसंवाद पुढेही चालू राहिले. ३ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

उन्हाळी अभ्यासक्रम कोलंबियात १९७४ पर्यंतच चालला. पण १९७२ मध्ये तो चालविण्यात पुढाकार असलेले रॉबर्ट मेनार्ड यांनी तो मरू दिला नाही. १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी तो कॅलिफोर्नियातील बर्कले येथे पुन्हा उभा केला. मेनार्ड स्वतः शाळाही पुरी न केलेले. १९८३ मध्ये त्यांनी ‘ओकलंड ट्रिब्यून’ हे दैनिक विकत घेतले, आणि मोठ्या शहरातील प्रमुख दैनिकाची मालकी एका कृष्णवर्णीय पत्रकाराकडे येण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ होती.