घटका, घड्याळ आणि खिशातला फोन

मोबाइलवाचून जगता येईल का, असा विषय घरात निघाला की मुलांचा एक हुकमी प्रश्न येतो, "मग वेळ कशात बघणार?" प्रश्न गमतीचा वाटतो, पण आहे बरोबर. आपण अंगावर बांधलेलं पहिलं यंत्र म्हणजे घड्याळच की! म्हणून म्हटलं, या गुलामगिरीचा इतिहास जरा मागे जाऊन बघावा.

लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाणी भरलेल्या घंगाळात सोडायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा एक दिवस. आपल्याला आकडा आठवत नसला, तरी पाहुण्याला आपण अजून "घटकाभर टेका" म्हणतोच! पण गंमत बघा, मुहूर्त साधला की सामान्य घरात त्या वाटीची फारशी गरज उरत नसे. बाकी दिवस उन्हावर आणि सावलीवर निघायचा.

मग १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. गाडी काही कुणाच्या सावलीसाठी थांबत नाही. १८७८मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आपल्या आईचं नाव त्याला दिलं. ज्याच्याकडे घड्याळ नाही, त्यालाही आता टोल ऐकून वेळ कळू लागली. यंत्र एकच, पण ते सगळ्या गावाचं.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. १ जानेवारी १९०६पासून सरकारने सगळ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ आणली. मुंबईची स्वतःची वेळ होती, ती या नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. सूर्य होता तिथेच राहिला, घड्याळ तेवढं पुढे सरकलं! घड्याळात जुनाच आकडा धरून हजेरी लावायची, तर जानेवारीच्या थंडीत ३९ मिनिटं आधी उठणं आलं. काही हजार गिरणी कामगारांनी कामावर जायला नकार दिला, दगडफेकही झाली. महापालिकेने तर आपली जुनी 'मुंबईची वेळ'च धरून ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या.

हा निव्वळ हट्ट होता का? मला तसं वाटत नाही. भांडण घड्याळाशी नव्हतंच. माझी झोप कुणाच्या सोयीने मोडायची आणि ते ठरवणार कोण, हा खरा मुद्दा होता.

१९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि वेळ मनगटावर आली. आमच्या आजोबांकडे एक होतं. रोज सकाळी पूजा आटोपली की ते त्याला किल्ली द्यायचे. विसरले तर ते बंद पडायचं. यंत्राला माणसाची गरज होती आणि वेळ सांगण्यापलीकडे ते काही मागत नसे.

फोनचं तसं नाही. वेळ बघायला म्हणून हातात घ्यावा, तर चार निरोप, एक बातमी, कुणाच्या तरी सहलीचे फोटो... आणि खाली ठेवताना लक्षात येतं, किती वाजले ते बघायचं राहूनच गेलं! गेली मात्र चांगली एक घटका.

यंत्रं सोडून रानात जा, असं मी म्हणणार नाही. मुलाची शाळा, बँक, गॅसचा नंबर, सगळं फोनवर आलंय. एकट्याने सोडून भागत नाही, कारण बाकीच्यांचं जग त्याच वेळापत्रकावर चालतं. मुंबईलाही शेवटी एकच वेळ मान्य करावी लागली. पण यंत्राला घरात कुठवर येऊ द्यायचं, हे तरी आपण ठरवू शकतो. आमच्याकडे आता हॉलमध्ये भिंतीवरचं घड्याळ आहे, उशाशी गजराचं घड्याळ आहे, आणि रात्री दहानंतर सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. आठवडाभर चिडचिड झाली, मग गप्पा वाढल्या. मुलांना काट्याचं घड्याळ वाचता येऊ लागलं, हा वरचा फायदा.

गिरणी कामगार निदान ३९ मिनिटांसाठी भांडले. आपण रोज त्याहून जास्त देऊन टाकतो, आणि तेही न विचारता. असो. घटकाभर टेकलात, बरं वाटलं.