दवंडीपासून सायरनपर्यंत : इशारा पोहोचतो कुणाच्या कानावर?



बचत, कर्ज, परतफेड हे विषय आपण दर महिन्याला बोलतो. आज आपण आवाजाबद्दल बोलू. कोणता आवाज? सावध करणारा. रस्त्यावर अँब्युलन्स येते तेव्हा वाजतो तो सायरन. तो कुठून आला, त्याच्या डब्यात काय असतं, तो बंद पडला तर कसा दुरुस्त करायचा, हे आम्ही गटाच्या बायांनी यंदा समजून घेतलं. ते शिकता शिकता एक प्रश्न समोर आला. गावाला सावध करणारा आवाज आजवर नेमका कुणाच्या कानावर पडत आला?

सुरुवात दवंडीपासून करू. जुन्या काळी गावात काही सांगायचं असलं की कोतवाल डफडं वाजवत फिरायचा आणि ओरडून सांगायचा. शेतसारा भरायचा आहे, साहेब येणार आहेत, पटकीची साथ आली आहे, सगळं दवंडीनं कळायचं. दवंडीचा मोठा गुण असा की तिच्यात शब्द होते. काय झालं आणि काय करायचं, दोन्ही कळायचं. पण ती माणसाच्या पायांनी चालायची. चावडीपासून निघून शेवटच्या टोल्यावर पोहोचेपर्यंत वेळ जायचा. बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला ती ऐकू येईलच असं नव्हतं. घरी आल्यावर कुणी सांगितलं तर कळायचं.

मग गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. गिरणीचा भोंगा वाफेवर वाजायचा. त्यात शब्द नव्हते, पण तो एकाच वेळी हजारो घरांत ऐकू जायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की घरातली बाई चूल पेटवायची, डबा भरायची. घड्याळ नसलेल्या घरांत भोंगा हेच घड्याळ होतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. भोंग्याचा अर्थ सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता, म्हणून शब्दांविना काम भागायचं. अर्थच ठाऊक नसेल तर भोंगा म्हणजे नुसता गोंगाट.

सायरन हा शब्द त्याहूनही जुना. १८१९ साली फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर नावाच्या शास्त्रज्ञानं भोकं पाडलेली चकती फिरवून त्यातून हवा सोडली आणि सूर काढला. चकती जोरात फिरली की सूर उंच, हळू फिरली की खाली. हे यंत्र पाण्याखालीही वाजायचं, म्हणून ग्रीक पुराणातल्या समुद्रावर गाणाऱ्या स्त्रियांचं नाव त्याला दिलं. त्या कथेत सायरनचं गाणं ऐकून खलाशी खडकांकडे ओढले जायचे. आपला सायरन मात्र लोकांना संकटापासून दूर जायला सांगतो. नाव तेच राहिलं, काम उलटं झालं.

दुसऱ्या महायुद्धात हा आवाज जगभर पोहोचला. विमानं आली की वरखाली होणारा सूर, धोका टळला की एकसारखा सरळ सूर. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईत ब्लॅकआऊट झाले, तेव्हाही भोंगे याच पद्धतीनं वाजले. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हाही सायरन वाजवले गेले. पन्नास वर्षांनीही वरखाली सूर म्हणजे धोका आणि सरळ सूर म्हणजे धोका टळला, हाच नियम आहे.

आता गाडीवरचा सायरन. अग्निशमन दलाच्या गाड्यांवर आधी पितळेची घंटा असायची. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत आजही १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. घंटेनंतर मोटरवर फिरणारे सायरन आले. ते फार वीज खायचे. मोठ्या मोटर सायरनला बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागायचा. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेत लागला आणि १९६० च्या दशकापासून गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक सायरन आले. एक छोटा डबा, एक माईक आणि टपावर एक भोंगा. या डब्यालाच सायरनचा अँप्लिफायर म्हणतात.

आपल्या राज्यात २०१४ साली १०८ ची सेवा सुरू झाली, ९३७ अँब्युलन्स घेऊन. तेव्हापासून हा आवाज खेड्यापाड्यात ओळखीचा झाला. बाळंतपणाच्या वेळी तो ऐकला की जीवात जीव येतो, हे कुणाला सांगायला नको.

असाच एक जुना डबा आम्हाला तालुक्याच्या भंगार दुकानात मिळाला. भंगारात निघालेल्या एका जुन्या गाडीचा होता. ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवून आम्ही तो घेतला. लाखांदूरच्या रस्त्यावर एक दादा जुने रेडिओ आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे भोंगे दुरुस्त करतात. त्यांना म्हटलं, आम्हाला नुसता दुरुस्त करून देऊ नका, शिकवा.

दादांनी आधी डबा समजावला. ट्रान्झिस्टर म्हणजे कालव्याचं गेट. गेट फिरवायला हाताचा थोडा जोर पुरतो, पण त्यातून पाणी मोठं वाहतं. माईकमधला बारीक करंट गेट फिरवतो आणि बॅटरीतला मोठा करंट भोंग्याकडे जातो. डब्यात दुसरा एक भाग असतो, तो सूर तयार करतो. त्यातला कपॅसिटर बादलीसारखा भरतो आणि रिकामा होतो, त्यावर सूर वर चढतो नि खाली येतो.

दुरुस्तीचा पहिला नियम : काहीही उघडण्याआधी लक्षणं विचारा, जशी डॉक्टरीणबाई विचारते. डब्यावरचा दिवा लागतो का? लागत नसेल तर फ्यूज, बॅटरी आणि अर्थची तार बघा. माईकवर बोललेलं ऐकू येतं पण सायरन वाजत नाही? मग अँप्लिफायर ठीक आहे, सूर काढणारा भाग बिघडला. सायरन वाजतो पण बोलणं येत नाही? मग माईक किंवा त्याची तार. दोन्ही नाही? मग अँप्लिफायर नाहीतर भोंगा. एवढ्या चार प्रश्नांत अर्धं काम होतं.

दुसरा नियम : जुन्या डब्याला थेट बॅटरी लावू नका. मध्ये गाडीच्या हेडलाईटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मंद झाला तर पुढे जा. आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी जाड तार कधी घालू नका. उडणारा फ्यूज आतल्या जळलेल्या ट्रान्झिस्टरची तक्रार सांगत असतो. त्याचं तोंड बंद केलं तर आगच लागायची.

आमच्या डब्याचा दिवा लागला, पण आवाज नाही. दादांनी भोंग्याची तार काढली आणि टॉर्चचा एक सेल क्षणभर टेकवला. चांगल्या भोंग्यातून टक असा आवाज येतो. आला नाही. आतल्या पडद्याची बारीक तार तुटली होती. पडदा बदलला. मग आवाज आला, पण दोन क्षणांत दमला. बॅटरीपाशी मीटर बारा व्होल्ट दाखवत होतं, डब्यापाशी दहाच्याही खाली. अर्थच्या जोडाला गंज चढला होता. तो घासून साफ केला, तार जाड टाकली. तिसऱ्या वेळी आवाज जोरात आला, पण एकाच सुरावर अडकला, वरखाली होईना. सुराच्या भागातला एक कपॅसिटर वाळला होता. तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवला, प्लस मायनस बघून. या सगळ्या चाचण्या आवाज कमी ठेवून, भोंगा पोत्यांत गुंडाळून आणि कानांत कापूस घालून केल्या. शंभर वॅटचा भोंगा जवळून वाजला तर कान कायमचे जाऊ शकतात.

एवढा खटाटोप कशासाठी? ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या दिवसांत वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी, खाली गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडी. आपला तालुका गोसीखुर्दच्या खालच्या अंगाला आहे. त्या दिवसांबद्दल बैठकीत बोलणं निघालं तेव्हा नदीकाठच्या बाया म्हणाल्या, पाणी सोडल्याचा निरोप मोबाईलवर आला होता. पण मोबाईल घरधन्याच्या खिशात, आणि घरधनी बाहेर. घरी सासू, लेकरं आणि दावणीला बांधलेली जनावरं. दवंडीच्या काळी जे व्हायचं तेच पुन्हा झालं. निरोप गावात आला, पण बाईच्या कानावर उशिरा पडला.

सायरनचं तसं नाही. तो खिशात राहत नाही. चुलीपाशी, विहिरीवर, वावरात, सगळीकडे एकदम पोहोचतो. पण त्याला शब्द नाहीत, म्हणून अर्थ आधी ठरवावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचं उदाहरण बघा. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता सायरन वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. सायरन पोलिसांसारखा धाक घालत नाही. गावानं मिळून अर्थ ठरवला, म्हणून तो चालतो.

कायदाही जाणून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे असा सायरन अँब्युलन्स, अग्निशमन अशा ठरलेल्या गाड्यांनाच चालतो. लग्नाच्या वरातीच्या गाडीवर लावता येत नाही. अँब्युलन्सला वाट दिली नाही तर २०१९ पासून दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे लाऊडस्पीकरला परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो बंद. मात्र सार्वजनिक आणीबाणीला त्यात सूट आहे.

म्हणून आम्ही ग्रामपंचायतीकडे आणि तहसीलकडे अर्ज दिला आहे. परवानगी येईपर्यंत भोंगा पोत्यातच. अर्जात लिहिलं आहे की वरखाली सूर म्हणजे लेकरं, म्हातारी माणसं, जनावरं घेऊन उंचावर निघा. सरळ सूर म्हणजे धोका टळला. सायरननंतर माईकवरून दोन वाक्यांत कारण सांगायचं, म्हणजे दवंडीचे शब्दही हातचे जाणार नाहीत. दर महिन्याच्या बैठकीआधी गावाला कळवून एक छोटी चाचणी. बॅटरीचं व्होल्टेज, फ्यूज, तारा कुणी तपासल्या, त्याची नोंद गटाच्या रजिस्टरमध्ये, सहीसकट. दोन बायांकडे जबाबदारी आणि त्या गावी गेल्या तर तिसरी कोण, तेही लिहून ठेवलं आहे.

कारण इतिहास एवढंच सांगतो की यंत्रं बदलत गेली, तरी कुणीतरी ते जपणारं लागलंच. कोतवालाचं डफडं ओलं झालं तर वाजत नसे. डब्याची अर्थची तार गंजली तर तोही वाजत नाही. हिशोबाची वही जशी आपण दर महिन्याला उघडतो, तसा हा डबाही उघडायचा.

तुमच्या गावात शाळेत, सोसायटीत, जुन्या नाटक मंडळाकडे असा एखादा बंद भोंगा पडला असेल. आधी विचारा, दिवा लागतो का. आणि पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर ठेवा : रात्री दोन वाजता नदी वाढली तर आपल्याला कोण सांगणार, आणि ते घरातल्या शेवटच्या बाईला ऐकू येईल का?