तुळशीवरचा हुकूम

गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचे, म्हणजे त्या धर्मन्यायासनाचे, वर्णन करताना तुरुंग आणि चिता यांचाच उल्लेख बहुधा होतो. परंतु राजसत्तेचा हात प्रजेच्या माजघरात कुठवर शिरू शकतो हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने या न्यायासनाचा १७३६ चा जाहीरनामा वाचावा. ख्रिस्ती झालेल्या रयतेने अंगणात तुळस लावू नये, लग्नात विडे-फुले पाठवू नयेत, कोंकणी गाणी म्हणू नयेत, इतकेच नव्हे तर भात अळणी शिजवू नये, असा तो हुकूम! मिठाच्या चिमटीवर पहारा ठेवणारे कारकून कामाला कंटाळत नसतील काय, असा विचार माझ्या मनात येतो.

या राजसत्तेपासून देवही दूर गेले; कुशस्थळीचा देव मंगेश तर सोळाव्या शतकातच नदीपार, आदिलशाही मुलखातील प्रियोळास गेला होता. पुढे अठराव्या शतकात प्रियोळ ज्यात येते तो फोंडा महालही पोर्तुगीज अमलाखाली आला, तेव्हा मात्र तेथील प्रजेच्या देवाधर्मास हात न लावण्याचे अभिवचन सरकारने दिले. म्हणजे एकाच निशाणाखाली अलीकडच्या ख्रिस्ती अंगणातली तुळस अपराध, आणि पलीकडे मंगेशाची पूजा निर्वेध. ते न्यायासन १७७४ मध्ये बंद झाले, चार वर्षांनी पुन्हा उघडले आणि १८१२ मध्ये कायमचे मिटले.