भीतीचें माप

नागपूरचें राज्य 1854 सालीं खालसा झालें आणि त्याबरोबर चांद्याचें अरण्यही इंग्रजांच्या अमलाखालीं आलें. 1 जानेवारी 1862 पासून पिनल कोड लागू झालें. त्याच्या 96 ते 106 या कलमांनीं प्रत्येक मनुष्यास स्वतःचें व दुसऱ्याचेंही रक्षण करण्याचा हक्क दिला. 1837 च्या मूळ मसुद्यांत मेकॉलेनें हा हक्क मुद्दाम सढळ ठेवला होता; येथील लोक अन्याय निमूटपणें सोसतात, त्यांच्या अंगीं प्रतिकाराची वृत्ति यावी, असा त्याचा हेतु होता.

परंतु 99 व्या कलमानें या हक्कास कुंपण घातलें. सरकारी अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवसर असेल, तर हा हक्क उरत नाहीं. शहरांत हें वाक्य सरळ वाटतें, कारण चौकी हांकेच्या अंतरावर असते. भामरागडाकडे त्याचा अर्थ पालटतो. गडचिरोली जिल्हा 1982 सालीं निराळा होईपर्यंत या मुलुखाचें मुख्य ठिकाण दूर चांद्यालाच होतें आणि पर्लकोटेला पूर आला कीं वाट बंद होई. अशा रात्रीं कुऱ्हाड उगारून कोणी दारांत उभा राहिला, तर घरधन्यानें धांव कोणाकडे घ्यावी?

ही अडचण न्यायासनाला समजावी, यासाठीं जुन्या फौजदारी पद्धतींत एक सोय होती. सेशन्सचे खटले कांहीं जिल्ह्यांत ज्यूरीपुढें चालत, तर इतरत्र असेसरांच्या साह्यानें. असेसरांचें मत न्यायाधीशास बंधनकारक नसे. तरी लोकांपैकींच कोणी तरी तेथें बसून आपलें मत देई. 1955 सालीं असेसर गेले. 1973 च्या संहितेंत ज्यूरीलाही स्थान उरलें नाहीं. आतां एकटा न्यायाधीशच आरोपीच्या भीतीचें माप घेतो.

मग गांवाचें मत पुन्हां न्यायासनावर बसवावें काय? येथें थांबून विचार केला पाहिजे. याच अरण्यांत चेटकाच्या संशयावरून माणसें मारलीं गेलीं आहेत. मारणाराही म्हणतो, "आमचीं मुलें वांचविण्यासाठीं केलें." त्याची भीति खोटी नसते, आणि सारा गांव तिला साक्ष देतो. जिच्यावर आळ येतो, त्या म्हातारीच्या बाजूनें मात्र कोणी बोलत नाहीं.

ओरिसांतील एक खटला येथें उपयोगी पडतो. 1958 सालीं रसगोविंदपूर येथें रात्रीं कंदील घेऊन मोहाचीं फुलें वेंचणाऱ्या आदिवासी स्त्रियांना एका परक्या नोकरानें भुतें समजून खुकरीनें वार केले. त्यांत एक स्त्री दगावली. उच्च न्यायालयानें त्याची सुटका कायम केली, कारण ती चूक त्यानें शुद्ध बुद्धीनें केली होती. त्या नोकराची भीति क्षणाची होती. चेटकाच्या प्रकरणांत आधीं कुजबूज होते, मग बैठक बसते, कधीं मांत्रिकाला विचारलें जातें. या साऱ्याला वेळ मिळतो, तर ठाण्यापर्यंत जाण्यासही मिळाला असता. महाराष्ट्रानें 2013 सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, तो याच कारणानें आवश्यक होता.

1 जुलै 2024 पासून पिनल कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या 37 व्या कलमांत तेंच कुंपण कायम आहे. तें अरण्यांत न्यायानें लावावयाचें, तर न्यायाधीशानें दोन गोष्टी विचाराव्या: ठाणें किती दूर होतें, आणि ही भीति किती दिवस मनांत मुरत होती. पहिलीच्या उत्तरानें घरधनी सुटूं शकतो. दुसरीच्या उत्तरानें त्या म्हातारीचा जीव गेला त्याचा जाब मागतां येतो.