इतवाऱ्यातली तासाची सायकल

बऱ्हाणपूरचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. फारुकी सुलतान, अकबर, रहीम खानखाना, १६३१ साली इथे झालेला मुमताजचा मृत्यू, पुढच्या शतकात निजामाने गावाभोवती घातलेला कोट, उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली पेशव्यांच्या हाती आलेलं शहर. एवढं सांगून झालं की पाहुण्यांना मावा जिलेबी खायला नेतात. या यादीत सायकलीच्या दुकानाला जागा नाही, आणि ती मागायला मी बसलेलोही नाही. पण माझ्या वडिलांचं इतवाऱ्यात भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. या गावातली पोरं निव्वळ मौज म्हणून काय करत, त्याची रोजची नोंद त्या दुकानाच्या वहीत व्हायची. बाकी कुठल्या दफ्तरात ती झालेली नाही.

सायकल आमच्याकडे आली ती कामाला. रेल्वे स्टेशन गावाबाहेर लालबागेत. १९०६ साली निघालेली तापी मिलही तिकडेच. कोटाच्या आत राहणाऱ्या माणसाला पाळी गाठायची तर पायपीट किंवा टांगा. स्वातंत्र्याआधी सायकली यायच्या विलायतेहून: रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलिस. त्या वकिलांकडे, डॉक्टरांकडे, मिलमधल्या बाबूंकडे. साध्या माणसाच्या आवाक्यात ती आली देशी कारखाने निघाल्यावर. १९४९ साली मद्रासला टीआय, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानात हीरो. त्याच १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. इतवाऱ्यातल्या मराठी घरांत त्याची हळहळ बरीच वर्षं चालली. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, त्या साली हीरो आली.

ही देशी सायकल म्हणजे जुन्या इंग्रजी सायकलीचीच नक्कल. काळा रंग, अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, गिअर नाहीच, वजन वीस किलोच्या आसपास. तिच्यावर दुधाचे कॅन गेले, सुताच्या गाठी गेल्या, केळीचे घड गेले. ज्याच्या घरी सायकल असे तो ती रोज पुसून, कुलूप लावून ठेवी. मिलमधल्या कामगाराला ती जवळजवळ महिन्याच्या पगाराची पडे. अशी वस्तू पोराच्या हाती कोण देणार? त्यामुळे घरी सायकल असलेली पोरंसुद्धा आमच्या दुकानात भाड्याने घ्यायला येत.

दुकान म्हणजे एक फळी, मागे अंधारी खोली आणि समोर रस्त्याच्या कडेला सायकलींची रांग. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात दुकानाचं नाव आणि नंबर. लहान पोरांसाठी चार-पाच बुटक्या सायकली, त्यांना आम्ही ‘अद्धा’ म्हणायचो, बाकी बावीस इंची फ्रेमच्या. नवी सायकल वडिलांनी भाड्याला कधी लावली नाही. जुन्या बाजारात मिळालेली एक फ्रेम, दुसऱ्याच सायकलीचं हँडल, तिसरीची रिम, असं जुळवून ते गाडी उभी करत. चेनकव्हर काढलेलं, कारण ते वाजतं. घंटी काढलेली, कारण ती चोरीला जाते. कॅरियर मुद्दाम काढलेलं, म्हणजे डबलसीट बसणार नाहीत. पोरं नळीवर बसवून डबलसीट जायचीच, हे वडिलांना ठाऊक होतं. पण गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत तरी ती वेगवेगळी चालत जात, एवढा धाक त्यांना पुरे वाटे.

कॅरियर नसण्याचा खरा फायदा पोरांना झाला. घरची सायकल बाहेर काढली की आतून हाक यायची: निघालाच आहेस तर दळण घेऊन ये, मामाकडे डबा देऊन ये. भाड्याच्या सायकलीवर दळण ठेवायला जागाच नव्हती. वर तिचे पैसे मोजलेले, वेळ मोजलेली. त्या अर्ध्या तासात कुणाचंही काम करायचं नाही, हा पोरांचा हक्क. आमच्या गावात गरिबाच्या पोराला असा हक्काचा रिकामा वेळ दुसऱ्या कुठल्या दुकानात विकत मिळत नव्हता. माझ्या मते या धंद्याची खरी गोष्ट एवढीच आहे.

भाडं माझ्या लहानपणी अर्ध्या तासाला चार आणे, पुढे वाढत गेलं. वहीत नाव, सायकलचा नंबर, सुटल्याची वेळ. अनामत नाही, ओळखपत्र नाही. वडील फक्त एक प्रश्न विचारत: “कोणाचा रे तू?” उत्तर मराठीत येवो, हिंदीत येवो की गुजरातीत, त्यातून मोहल्ला, धंदा, बापाचं नाव आणि घरची ऐपत त्यांना कळे. विणकराचा पोरगा असेल तर वहीत बापाच्या नावापुढे मोहल्ला. मराठी घरातला असेल तर नुसतं आडनाव पुरे. ज्याला हे सांगता येत नसे त्याला सायकल मिळत नसे; आणि सांगता येत असेल तर पैसे उद्या दिले तरी चाले. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर विणकरांच्या मोहल्ल्यांतली पोरं येत, रविवारी शाळेवाली. त्या दोन दिवशी रांगेत एक सायकल उभी राहत नसे, आणि उशिरा परतणाऱ्याला पुढचं गिऱ्हाईकच फैलावर घेई, वडिलांना तोंड उघडावं लागत नसे.

भांडणं व्हायची पंक्चरवरून. पंक्चर गिऱ्हाइकाच्या माथी, हा नियम. मग पोरगा म्हणणार, हवा आधीच कमी होती. वडील बोलत नसत. ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवत. ठिगळाच्या कडेने बुडबुडे आले तर जुनं पंक्चर, पैसे नाहीत. नव्या जागी आले तर पैसे. घमेल्याभोवती दहा-बारा डोकी वाकलेली असत. कोर्टातला निकाल इतक्या चटकन लागलेला मी पाहिलेला नाही.

शिकणं कैचीपासून. सीटवर पाय पोचत नाहीत म्हणून नळीखालून एक पाय पलीकडे घालून, कमरेत वाकडं होऊन पायडल मारायचं. मग नळीवर, मग सीटवर. गुडघे फुटायचे ते इतवारा दरवाज्याच्या फरशीवर. दरवाज्याच्या कमानीत वेग कमी न करता शिरणं हा मोठेपणाचा दाखला होता. कोट बांधणाऱ्या निजामाला हत्ती आणि तोफांची काळजी असणार.

अर्ध्या तासात राजघाट आणि परत. तापीचं पाणी बघायला थांबलं तर परतताना छातीत कळ येईपर्यंत पायडल मारावं लागे. तासाची सायकल असेल तर उतावळी नदीकाठी काळ्या ताजापर्यंत. ही रहीम खानखानाच्या मुलाची, शाहनवाजखानाची कबर. पोरांना त्या कबरीशी देणंघेणं नव्हतं; तिच्याभोवती मोकळी जागा होती आणि गोल फेऱ्या मारता येत. दिवसाच्या बोलीवर सायकल मिळाली तर कुंडी भंडारा. १६१५ साली खानखानाच्या काळात तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी भुयारातून गावाकडे आणलं. वर रांगेने कुंड्या, म्हणजे विहिरी, आणि खाली भुयार. पंप नाही, मोट नाही. उतारावर पाणी आपसूक येतं. आता तिथे लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरून हे सगळं बघता येतं. आम्हाला तो उतार लिफ्टच्या पुष्कळ आधी कळला होता. जाताना लालबागेच्या पुढे मांड्या भरून येत. येताना वारा पाठीशी असला की गावापर्यंत पायडल नावाला मारायचं. इराणी पाहुण्याने काय हेरलं होतं, हे इतिहासाच्या मास्तरांना सांगूनही समजवता आलं नाही ते आमच्या पायांना समजलं.

पावसाळ्यात धाडसी टोळ्या महल गुलाऱ्याला जात. तिथे उतावळीला बांध घातलेला, त्यावरून धबधबा कोसळतो आणि दोन्ही काठांवर समोरासमोर दोन मोगल महाल. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरची मजल, त्यातला कच्चा रस्ता चिखलाचा. दुसऱ्या दिवशी वडिलांना चाकांतून माती खरवडावी लागे. ते कुरकुरत, पण जादा पैसे लावत नसत.

मुलींचं वेगळं होतं. दिवसा भर बाजारात मुलीने सायकल भाड्याने घ्यायची नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घेत नसत. माझी ताई आणि तिच्या मैत्रिणी दुपारी दोनला येत, तेव्हा बाजार झोपलेला असे. वडील अद्धा सायकल मागच्या बोळात नेऊन ठेवत आणि वहीत मुलीचं नाव लिहीत नसत, नुसता नंबर. बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तेवढ्यातच फेऱ्या. त्यात मराठी, गुजराती, बोहरी, सगळ्या घरांतल्या मुली होत्या. बाराव्या-तेराव्या वर्षी एकेक येणं बंद होई. पुढे सरकारने खेड्यांतून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली वाटल्या. शहापूरच्या रस्त्यावर सकाळी त्या ओळीने जाताना मी पाहिल्या तेव्हा ताईला मुद्दाम फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “शाळेत जायला दिल्या ना? आम्ही कुठेच जात नव्हतो, त्याची मजा होती.”

आणि सात दिवसांचा सायकलवाला! महाराष्ट्रातल्या आणि मध्य प्रदेशातल्या लहान गावांत वाढलेल्या, आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तो पाहिलेला असणारच. गावाबाहेरून एक किडकिडीत माणूस यायचा, मैदानात गोल आखायचा, मधोमध बांबूला कर्णा बांधायचा आणि सात दिवस, सात रात्री सायकलवरून पाय खाली टेकणार नाही असं जाहीर करायचा. त्यावरच जेवण, त्यावरच दाढी, त्यावरच आंघोळ. संध्याकाळी खेळ: हँडल सोडून उभं राहणं, मागे तोंड करून चालवणं, जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलणं, छातीवर ट्यूबलाइट फोडणं. शेवटच्या दिवशी लोक त्याच्या शर्टाला टाचणीने नोटा लावत. रात्री तीन वाजता तो खरंच चालवतो की नाही हे बघायला आम्ही एकदा चोरून गेलो. चालवत होता, अगदी हळू, कर्णा बंद. खेळ सुरू करण्याआधी असा माणूस आमच्याच दुकानात यायचा: दोन्ही चाकांचे छर्रे नवे, भरपूर ग्रीस. वडील मजुरी घेत नसत. एरवी पै न सोडणारा माणूस. पण हा आपल्याच जातीचा, असं काहीसं त्यांना वाटत असावं.

१९६५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये काही बंडखोर तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या: ज्याला हवी त्याने घ्यावी, जिथे जायचं तिथे सोडावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. जगभरच्या सार्वजनिक सायकल योजनांचा आरंभ तिथून सांगतात. वडिलांना मी हे म्हातारपणी वाचून दाखवलं. “फुकट दिली तर परत कोण आणील?” एवढंच ते म्हणाले, आणि अनुभवाने बोलले.

आमचं दुकान मोटारसायकलींनी बसवलं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मोटारसायकल आली ती बापांसाठी. तिच्यामुळे बापाची जुनी सायकल पोराला मिळाली, आणि घरात फुकट सायकल आहे म्हटल्यावर अर्ध्या तासाला पैसे कोण मोजणार? नव्वदीनंतर पोरांसाठी रंगीत, जाड टायरच्या सायकली आल्या. वाढदिवसाला मिळायच्या, महिनाभर चालवल्या जायच्या आणि जिन्याखाली उभ्या राहायच्या. वेळेवर परत करायची नसलेली सायकल बाहेर काढायची घाई कुणालाच नसते. मग ती दळणाला जाऊ लागली, ट्यूशनला जाऊ लागली. वडिलांनी रांगेतल्या सायकली एकेक करून भंगारात दिल्या आणि शेवटची काही वर्षं नुसती पंक्चरं काढली.

२०१७ साली भोपाळात भाड्याची सायकल परत आली, अ‍ॅपवर. सायकली सुरेख, गाडीच्या रस्त्यापासून वेगळी वाटही काही भागांत केलेली. चालवून पाहिली, चांगली चालते. पण ती घ्यायला फोन लागतो, आणि दहा वर्षांच्या विणकराच्या पोराला अ‍ॅप “कोणाचा रे तू?” विचारत नाही. ही योजना मला वाईट वाटत नाही; ती दुसऱ्या माणसांसाठी आहे. २०२० साली टाळेबंदीत तापी मिलचे भोंगे थांबले, आणि त्याच वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला. आमच्या दुकानातल्या निम्म्याहून जास्त फ्रेमा अ‍ॅटलसच्या होत्या.

बऱ्हाणपूरला आलात तर एक करा. ज्यांच्याकडे उतराल त्यांच्या जिन्याखाली एक तरी सायकल पडलेली असेल; ती मागून घ्या, हवा भरा, ब्रेक बघा. कुंडी भंडाऱ्यापासून इतवारा दरवाज्यापर्यंत या, पण सकाळी आठच्या आत. त्यानंतर तो रस्ता ट्रकांचा असतो.