स्टुडिओबाहेरचं गाणं

नवी गाणी रचायची सोडून जुनीच कार्यक्रमात वाजवायची आणि त्याचं ‘लाइव्ह’ रेकॉर्डिंग बाजारात आणायचं, म्हणजे त्या बँडचं भांडवल संपलं, असं आमच्या पेठ वडगावातली गिटार वाजवणारी पोरं मला सांगतात. मी लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याच्या धंद्यात आयुष्य काढलं. पारायण, भजन, लग्न, गणपती, प्रचारसभा, जिथं माइक लागला तिथं मी ॲम्प्लिफायरपाशी बसलो. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. आपल्या कोल्हापूर-मिरज भागातल्या गाण्याचा इतिहास पाहिला, तर लोकांसमोरचं रेकॉर्डिंग दुय्यम ठरत नाही. स्टुडिओत जे कधी मावलंच नाही, ते त्यानंच वाचवलं.

आपल्याकडं रेकॉर्ड आली ती १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा माइक नव्हता. गाणाऱ्यानं मोठ्या कर्ण्यात तोंड धरून गायचं आणि तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटांत सगळं आटपायचं. विजेवर चालणारं मुद्रण १९२५ नंतर आलं, आवाज सुधारला, पण वेळ तेवढाच राहिला. मिरजेत राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या त्या याच मापातल्या. त्या तबकड्या अनमोल आहेत. तरीही ज्या रागाला मैफलीत तासभर लागायचा, त्याचा तीन मिनिटांत अर्कच मिळणार.

आणि कोल्हापूरचं काय झालं? शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून ठेवलं. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली ती त्यामुळं. शाहू महाराज १९२२ साली गेले, पुढं खाँसाहेब मुंबईला राहिले आणि १९४६ साली वारले. एवढ्या मोठ्या गवयाची एकही तबकडी बाजारात आली नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत अंतराळात गेली. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. त्या भैरवीचा मला अभिमान वाटतो आणि हळहळही वाटते. ताऱ्यांपर्यंत गेली ती साडेतीन मिनिटं. ज्या मैफलींनी त्यांना केसरबाई केलं, त्या बहुतेक हवेतच विरल्या.

हे बदललं ते टेपमुळं. आधी स्पूलचे जड टेपरेकॉर्डर आले आणि हौशी श्रोत्यांनी मैफली टिपायला सुरुवात केली. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. विलंबित ख्याल न तोडता ठेवायची सोय पहिल्यांदा सामान्य माणसाच्या हाती आली. अल्लादिया खाँसाहेबांच्याच घराण्यातल्या भूर्जी खाँसाहेबांकडून तालीम घेतलेले गवई मल्लिकार्जुन मन्सूर घ्या. तरुणपणी त्यांच्या तबकड्या निघाल्या, पण त्यांची उतारवयातली पिकलेली गायकी आज आपण ऐकतो ती बरीचशी मैफलींतून आणि आकाशवाणीवरून राहिलेली आहे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं अशा मैफलींच्या कॅसेट काढल्या, तेव्हा जुनं पुन्हा विकतात अशी तक्रार कुणी केली नाही. हे आपल्या हाती लागलं, याचाच आनंद होता.

रॉकच्या बाबतीतही मला हेच दिसतं. डीप पर्पल या इंग्लिश बँडनं ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत कार्यक्रम केले, त्यातून ‘मेड इन जपान’ हा अल्बम निघाला. बँडला आधी त्यात फारसा रस नव्हता. त्यातलं ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणं स्टुडिओत साडेचार मिनिटांचं होतं, लोकांसमोर ते जवळजवळ वीस मिनिटं चाललं. म्हणजे तीन मिनिटांची तबकडी आणि तासाभराची मैफल यांच्यातला जो फरक, तोच तिकडंही.

पोरं विचारतात, “पण काका, नवं काय त्यात?” आपली बंदिश दोनशे वर्षांची असली तरी गवई रोज नवा विस्तार करतो. रागसंगीत सोडा, भावगीताकडं या. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’ला चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर छप्पन गीतं झाली. पुढं फडके आयुष्यभर ती गावोगावी गात राहिले. शब्द तेच, चाली त्याच, तरी माणसं पुन्हा पुन्हा गेली. कारण आजच्या श्रोत्यांसमोर, आजच्या गळ्यातून, ते गाणं आज घडत होतं.

माझ्या धंद्यात मी हे रात्र रात्र पाहिलं. वडगाव आणि आसपासच्या गावांतली भजनी मंडळं स्टुडिओची पायरी कधी चढली नाहीत. दिवसा ऊस, भाजीपाला, दुकान; रात्री पेटी, पखवाज, टाळ. त्यांची जी काही कॅसेट झाली ती देवळातच झाली. ॲम्प्लिफायरमधून वायर काढून डेकला द्यायची. टाळ माइकपासून लांब बसवायचे, नाहीतर सगळा अभंग झणझणाटात जातो. पखवाजाचा माइक धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूला थोडा खाली धरायचा. कॅसेटची बाजू पालटायची ती दोन अभंगांच्या मधे, बुवा पाणी पितात तेवढ्यात. लाइट गेली तर बॅटरी जोडेपर्यंत भजन थांबत नसे. तो अभंग कॅसेटवर अर्धाच राहायचा आणि लोक तोही आवडीनं ऐकायचे. बुवा एखाद्या ओळीवर थांबून मुलाला सूर धरायला लावायचे, एखाद्या म्हाताऱ्याची दाद मधेच ऐकू यायची. स्टुडिओत ते काढून टाकतात. इथं तोच त्या गायनाचा जीव होता.

लाइव्ह म्हणून निघालेलं सगळंच चांगलं, असं मी म्हणत नाही. कंपनीबरोबरच्या करारातली रेकॉर्डची संख्या भरायला घाईनं काढलेलं, नंतर स्टुडिओत सूर दुरुस्त करून वर टाळ्या मिसळलेलं असं रेकॉर्डिंगही असतं. ते कानाला कळतं. माझी कसोटी साधी आहे. समोरच्या माणसांमुळं गाणं बदललं का? बदललं असेल तर ते नवं आहे, मग गाणं कितीही जुनं असो. बदललं नसेल तर पैसे वाया गेले.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत वडिलांच्या, आजोबांच्या भजनाच्या, कीर्तनाच्या, शाहिरीच्या कॅसेट असतील तर त्या वाचवायचं काम उद्यावर टाकू नका. पावसाळ्याच्या दमटपणानं टेपवर बुरशी चढते, थर सुटतो, डेक दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चाललेत. आधी कॅसेट पुसून, बुरशी नसेल तर एकदा पुढं-मागं फिरवून घ्या, मग चांगल्या डेकवरून कॉम्प्युटरवर उतरवा. मूळ कॅसेट फेकू नका. आणि गाणारा कोण, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, गाव कोणतं, साल कोणतं, हे घरातली जाणती माणसं आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं आपल्याला ऐकायला मिळालं नाही. आपल्या गावातल्या बुवांचं तरी पुढच्या पिढीला मिळू द्या.